दीर्घिकेची तारानिर्मिती कशामुळे थांबते: परिसरामुळे की तिच्या स्वतःच्या वस्तुमानामुळे?

तुमचा प्रश्न तीन निरीक्षणांवर उभा आहे आणि ती तिन्ही एकाच वेळी खरी कशी असू शकतील, हे तुम्हाला समजत नाही. दीर्घिकांच्या दाट समूहांत तांबड्या (निळसर नवे तारे नसल्याने तशा दिसणाऱ्या), तारानिर्मिती थांबलेल्या दीर्घिकांचे प्रमाण मोठे असते, हे पहिले निरीक्षण. समूहात नुकत्याच शिरलेल्या काही ‘जेलीफिश’ दीर्घिकांत तारानिर्मिती उलट वाढलेली दिसते आणि त्यांच्या लांबलचक शेपट्यांतही तारे जन्मतात, हे दुसरे. कोणत्याही समूहात नसलेल्या कित्येक महाकाय दीर्घिकाही पूर्णपणे विझलेल्या आहेत, हे तिसरे. मग परिसराचा परिणाम होतो की नाही, आणि स्लोन या मोठ्या आकाश-सर्वेक्षणातून समूहातील व समूहाबाहेरील दीर्घिकांचे रंग घेऊन त्यांची तुलना केली तर पदवीच्या प्रकल्पापुरते उत्तर मिळेल का, असे तुम्ही विचारले आहे.

उत्तराआधी प्रश्नाची मांडणी थोडी बदलते. ‘परिसराचा परिणाम होतो का’ असे विचारताना परिसर ही एकच गोष्ट आहे आणि दीर्घिका सगळ्या एकाच वस्तुमानाच्या आहेत, असे नकळत गृहीत धरले जाते. शिवाय परिसर ताऱ्यांच्या जन्मावर थेट हात घालत नाही; तो वायूवर काम करतो, आणि वायू कमी झाला, दाबला गेला किंवा मिळेनासा झाला की त्याचा परिणाम तारानिर्मितीत दिसतो. त्यामुळे विचारायला हवे ते असे: अमुक वस्तुमानाच्या दीर्घिकेच्या कोणत्या वायूवर, कोणत्या प्रक्रियेने, किती काळात परिणाम झाला? माझे काम रेडिओ दुर्बिणींनी दीर्घिकांमधील हायड्रोजन पाहण्याचे आहे, तेव्हा माझे उत्तर वायूच्या बाजूने झुकलेले असणार, हे लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे. ताऱ्यांच्या वर्णपटांवरून त्यांची वये काढणारे माझे सहकारी हीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून सांगतील.

दीर्घिकेतला वायू ढोबळमानाने तीन ठिकाणी असतो असे धरा. तारे ज्यांत जन्मतात ते थंड, दाट, रेणुरूप हायड्रोजनचे ढग तबकडीच्या आतल्या भागात असतात. त्यांच्या भोवती, आणि बहुधा ताऱ्यांची तबकडी संपते त्याच्याही बऱ्याच बाहेरपर्यंत, अणुरूप हायड्रोजन पसरलेला असतो. २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर आम्ही टिपतो तो हाच. या सगळ्याला वेढून अतिशय विरळ, तप्त वायूचे प्रभामंडल असते आणि त्यातला काही वायू सावकाश थंड होऊन तबकडीत उतरतो. जवळच्या सर्पिल दीर्घिकांतला रेणुरूप वायू आजच्या वेगाने वापरला गेला तर साधारण २०० कोटी वर्षांत संपेल, आणि विश्वाचे वय तर सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. याचा अर्थ ज्या दीर्घिकेत आज तारे बनत आहेत तिला बाहेरून वायूची भरपाई होतच असली पाहिजे. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीने याचा एक सुंदर पुरावा दिला. २०२० मध्ये पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या गटाने ७,६५३ दूरच्या दीर्घिकांचे संदेश एकत्र करून, विश्व आजच्या निम्म्याहूनही कमी वयाचे असतानाच्या दीर्घिकांमधील सरासरी अणुरूप हायड्रोजन मोजला. त्या काळच्या तारानिर्मितीच्या वेगाला तो साठा जेमतेम १०० ते २०० कोटी वर्षे पुरला असता. दीर्घिकेकडे साठा किती आहे यापेक्षा तिला पुरवठा चालू आहे की नाही, हा प्रश्न त्यामुळे अधिक महत्त्वाचा ठरतो.

आता परिसर. सर्वांत नाट्यमय प्रक्रिया म्हणजे रॅम प्रेशर, म्हणजे वायूतून वेगाने जाताना समोरून बसणारा दाब, आणि तुम्ही वाचले आहे ते बहुधा तिच्याबद्दलच. मोठ्या समूहात दीर्घिकांच्या मधली जागा रिकामी नसते. तिथे कोट्यवधी अंश तापमानाचा वायू भरलेला असतो आणि तो क्ष-किरणांत चमकतो. तो इतका विरळ असतो की एका लिटरमध्ये एखाद-दुसराच कण सापडावा. पण दीर्घिका त्यातून सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने जात असते आणि दाब हा घनता गुणिले वेगाचा वर्ग या प्रमाणात वाढतो. हा दाब तबकडीतल्या वायूला धरून ठेवणाऱ्या गुरुत्वाकर्षणापेक्षा जास्त झाला की वायू उपटला जातो, हे गणित जेम्स गन आणि रिचर्ड गॉट यांनी १९७२ मध्ये मांडले आणि आजही पहिला अंदाज आम्ही त्यावरूनच बांधतो. तबकडीच्या कडेला गुरुत्वाकर्षणाची पकड सैल असते, त्यामुळे बाहेरचा अणुरूप वायू आधी जातो आणि आतले दाट रेणुरूप ढग बराच काळ टिकून राहतात. म्हणजेच दीर्घिका बाहेरून आत विझत जाते. हा मुद्दा तुमच्या प्रकल्पात पुन्हा येणार आहे.

याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण म्हणजे आपल्यापासून सुमारे ५.४ कोटी प्रकाशवर्षांवर असलेल्या कन्या समूहातील एनजीसी ४५२२ ही सर्पिल दीर्घिका. ती आपल्याला जवळजवळ कडेने दिसते. ताऱ्यांची तबकडी अगदी शाबूत आहे, पण अणुरूप हायड्रोजन फक्त मध्यभागी उरला आहे आणि त्याचा मोठा हिस्सा तबकडीच्या एका बाजूला उडून गेलेला दिसतो. तारे जागच्या जागी आणि वायू मात्र हललेला, ही रॅम प्रेशरची खूण आहे, कारण शेजारच्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने ओढाताण झाली असती तर ताऱ्यांची तबकडीही वाकडी झाली असती. वायू गेलेल्या बाहेरच्या भागातील ताऱ्यांच्या वर्णपटावरून तिथली तारानिर्मिती सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीच थांबली असे दिसते. खगोलशास्त्रात ही कालची गोष्ट झाली. इथे एक गंमतीची अडचण आहे. ही दीर्घिका समूहाच्या केंद्रातील एम८७ पासून पुष्कळ लांब आहे आणि समूहातला वायू स्थिर मानला तर तिथे पुरेसा दाब निर्माण होत नाही. कन्या समूह अजून घडतो आहे, त्यात लहान उपसमूह मिसळत आहेत आणि त्यामुळे तिथला तप्त वायू स्वतःच वाहतो आहे, असे स्पष्टीकरण दिले जाते. मला ते पटते. केंद्रापासूनचे अंतर हाच परिसर असे समजून आलेख काढणाऱ्यांनी मात्र या एका दीर्घिकेकडे जरूर पाहावे.

जेलीफिश दीर्घिका हे याच प्रक्रियेचे अधिक तीव्र रूप आहे आणि तुम्हाला वाटलेला विरोध इथेच सुटतो. समोरून येणारा दाब वायू काढून नेण्याआधी त्याला दाबतो. दाबलेल्या वायूत ढग दाट होतात आणि काही काळ तारे अधिक वेगाने बनतात. बियांका पोज्जियान्ती यांच्या नेतृत्वाखाली चिलीतील व्हीएलटी दुर्बिणीने झालेल्या सर्वेक्षणात अशा दीर्घिकांच्या तबकडीतली तारानिर्मिती समान वस्तुमानाच्या इतर दीर्घिकांपेक्षा सरासरी सुमारे दीडपट आढळली. ईएसओ १३७-००१ ही दीर्घिका तर क्ष-किरणांत २ लाख ६० हजार प्रकाशवर्षे लांबीची शेपटी मागे सोडत चालली आहे आणि तिच्या शेपटीत रेणुरूप वायूही सापडला आहे. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरील अतिनील दुर्बिणीने आबेल ८५ समूहातील जेओ२०१ या दीर्घिकेची शेपटी टिपली आहे, आणि तिच्यातले नवताऱ्यांचे झुबके त्या चित्रात एकेक वेगळे ओळखता येतात. पण हा बहर जाता जाताचा आहे. जो वायू शेपटीत गेला तो तबकडीला पुन्हा फारसा मिळत नाही, आणि पुढे बऱ्याच काळाने हीच दीर्घिका पाहिली तर ती तुमच्या पहिल्या निरीक्षणात मोडेल. आकाशाचे आपल्याकडे एकच छायाचित्र असते. त्यात एकाच प्रक्रियेच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवरच्या दीर्घिका शेजारी शेजारी दिसतात आणि त्या परस्परविरोधी वाटू लागतात.

तरीही, माझ्या मते, रॅम प्रेशरला वाजवीपेक्षा अधिक श्रेय दिले जाते, आणि त्याचे एक कारण त्याची छायाचित्रे देखणी असतात हे आहे. समूहातल्या बहुसंख्य दीर्घिका ज्यामुळे हळूहळू विझतात ती प्रक्रिया कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही. रिचर्ड लार्सन, बिआट्रिस टिन्सली आणि नेल्सन कॉल्डवेल यांनी १९८० मध्ये ती मांडली. दीर्घिका एखाद्या मोठ्या समूहाच्या किंवा गटाच्या प्रभामंडलात शिरली की तिचे स्वतःचे विरळ, तप्त प्रभामंडल सर्वांत आधी निसटते, कारण त्याची पकड सर्वांत कमी असते. तबकडीला लगेच काहीच होत नाही. वरून येणारी भरपाई तेवढी थांबते. धरणात येणारा ओढा आटला तरी कालवा काही महिने नेहमीसारखा वाहतो, तसे त्या दीर्घिकेत तारे बनत राहतात, आणि मग एकदम तळ दिसू लागतो. या उपासमारीचे वेळापत्रक अँड्र्यू वेट्झेल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये स्लोन सर्वेक्षणावरून काढले. समूहात किंवा गटात शिरल्यानंतर साधारण २०० ते ४०० कोटी वर्षे दीर्घिकेच्या तारानिर्मितीत फारसा फरक पडत नाही, आणि त्यानंतर ती ८० कोटी वर्षांहूनही कमी कालमानाने झपाट्याने कोसळते. शेवटच्या घसरणीत रॅम प्रेशरचा हात असू शकतो, पण तोपर्यंत साठा आधीच खालावलेला असतो.

उपासमारीचा आणखी एक पुरावा ताऱ्यांच्या रासायनिक घडणीतून मिळतो. नवा वायू बाहेरून येतो तो बहुतांशी निर्मळ हायड्रोजन आणि हेलियम असतो आणि तो दीर्घिकेतल्या वायूतले जड मूलद्रव्यांचे प्रमाण सौम्य ठेवतो. पुरवठा बंद झाला आणि उरलेल्या वायूतून तारे बनत राहिले, तर ते तारे जड मूलद्रव्यांनी अधिकाधिक समृद्ध होत जातात. वायू एकदम हिसकावून नेला तर असे होण्याला वेळच मिळत नाही. यिंगजी पेंग आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले की विझलेल्या दीर्घिकांचे तारे समान वस्तुमानाच्या चालत्या, म्हणजे अजून तारे बनवणाऱ्या, दीर्घिकांपेक्षा खरोखरच अधिक समृद्ध आहेत, आणि हा फरक सुमारे ४०० कोटी वर्षांच्या उपासमारीशी जुळतो. यात एक सावधगिरी हवी: पुरवठा समूहानेच तोडला असे यावरून सिद्ध होत नाही. दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवरही प्रभामंडल तापवून तोच परिणाम घडवू शकते.

आणि तिथेच तुमचे तिसरे निरीक्षण येते. पेंग यांच्याच गटाने २०१० मध्ये एक महत्त्वाची गोष्ट मांडली होती. विझलेल्या दीर्घिकांचे प्रमाण वस्तुमानाबरोबरही वाढते आणि परिसराच्या घनतेबरोबरही वाढते, पण हे दोन परिणाम बऱ्याच अंशी एकमेकांपासून वेगळे काढता येतात. वस्तुमान मोठे असलेली दीर्घिका कुठेही असली तरी विझण्याची शक्यता जास्त. तिच्या प्रभामंडलात वायू इतका तप्त होतो की तो सहज थंड होत नाही, आणि केंद्रातील कृष्णविवरातून निघणारे झोत त्याला तापवत राहतात. जेम्स वेब दुर्बिणीने तर विश्वाच्या पहिल्या २०० कोटी वर्षांतच विझून गेलेल्या महाकाय दीर्घिका दाखवल्या आहेत, आणि तेव्हा आजच्यासारखे प्रौढ समूह अस्तित्वातच नव्हते. त्यामुळे एकट्या, विझलेल्या महाकाय दीर्घिकेमुळे परिसराचा परिणाम खोटा ठरत नाही; तिला विझायला परिसराची गरज नव्हती, एवढेच त्यातून कळते.

वस्तुमानाच्या दुसऱ्या टोकाला चित्र अगदी उलटे होते, आणि परिसराच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मला तिथेच दिसतो. मार्ला गेहा आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सूर्याच्या १ कोटी ते १०० कोटी पट वस्तुमानाचे तारे असलेल्या बटू दीर्घिका तपासल्या. एखाद्या मोठ्या दीर्घिकेपासून सुमारे ५० लाख प्रकाशवर्षांपेक्षा लांब असलेल्या बटूंमध्ये त्यांना विझलेली दीर्घिका जवळजवळ सापडलीच नाही. नंतर काही मोजके अपवाद पुढे आले आहेत, पण नियम टिकून आहे: या वस्तुमानाची दीर्घिका एकटी असली तर ती तारे बनवत राहते, आणि थांबवायची असेल तर कोणीतरी मोठा शेजारी लागतो. आपल्या आकाशगंगेभोवतीही हेच दिसते. मॅगेलनचे दोन्ही मेघ सोडले तर सुमारे ९ लाख प्रकाशवर्षांच्या आतल्या उपग्रह बटू दीर्घिकांमध्ये अणुरूप हायड्रोजन सापडत नाही, आणि १३-१४ लाख प्रकाशवर्षांवरची इवलीशी लिओ टी मात्र अजून वायू बाळगून आहे. तिच्या वायूचे तपशीलवार नकाशे करण्यात जीएमआरटीचाही वाटा होता. अतिशय क्षीण बटूंबद्दल मात्र हा युक्तिवाद ताणू नये, कारण विश्वातील पहिल्या तारे-दीर्घिकांच्या अतिनील प्रकाशाने त्यांचा वायू फार पूर्वीच तापवला होता, आणि त्या विझण्याचे श्रेय शेजाऱ्याला देता येत नाही.

तेव्हा तुमची तिन्ही निरीक्षणे अशी एकत्र बसतात. समूहातल्या बहुतेक दीर्घिका पुरवठा तुटल्याने सावकाश विझतात, काही वायू ओरबाडला जाताना क्षणभर उजळतात, आणि महाकाय दीर्घिका समूहाची वाट न पाहताच विझलेल्या असतात. परिसराचा हिस्सा लहान वस्तुमानाला जवळजवळ पूर्ण, मध्यम वस्तुमानाला मोठा आणि सर्वांत मोठ्या वस्तुमानाला नगण्य असतो.

आतापर्यंत मी मोठ्या समूहांबद्दलच बोलले, पण बहुतेक दीर्घिका राहतात त्या चार-दहा जणींच्या लहान गटांत. तिथे तप्त वायू कमी आणि वेगही कमी, सेकंदाला दोन-तीनशे किलोमीटरचे, त्यामुळे रॅम प्रेशर बटूंपलीकडे फारसे चालत नाही. पण वेग कमी असल्यामुळेच दीर्घिका एकमेकींना पकडू शकतात, गुरुत्वाकर्षणाने ओढतात आणि कधी एकरूप होतात. सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षांवरची एम८२ दृश्य प्रकाशात शेजारच्या एम८१ पासून वेगळी दिसते. २१ सेंटिमीटरच्या नकाशात मात्र दोघींमध्ये वायूचे पूल पसरलेले आहेत. या ओढाताणीने वायू एम८२ च्या मध्यात कोंडला गेला आणि आपल्या आकाशगंगेपेक्षा पुष्कळ लहान असूनही तिच्यात आकाशगंगेच्या कित्येक पट वेगाने तारे बनू लागले. परिसर म्हणजे नेहमी विझवणारा, असे म्हणता येत नाही ते यामुळे. शिवाय अनेक दीर्घिका मोठ्या समूहात पोहोचण्याआधीच अशा गटांत राहून आलेल्या असतात आणि त्यांची बरीच झीज तिथेच झालेली असते. तिचा हिशोब समूहाच्या नावे लावला जातो.

समूहाच्या मधोमध बसलेली दीर्घिका हा आणखी एक अपवाद. भोवतालचा तप्त वायू थंड होऊन तिच्यावरच ओतला जाऊ शकतो. बहुतेक वेळा कृष्णविवराचे झोत हे रोखतात, जसे एम८७ मध्ये दिसते. पण फिनिक्स समूहाच्या केंद्रातील दीर्घिकेत वर्षाला कित्येक शे सूर्यांइतके तारे बनत आहेत. आकाशगंगेत हा आकडा साधारण दोनच आहे. परिसराची घनता मोजून हिच्यापुरते भाकीत केले असते तर ते साफ चुकले असते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे इथे मान्य केले पाहिजे. समूह केवढा आहे, दीर्घिकेची कक्षा केंद्राजवळून जाते की कडेकडेने, तबकडी प्रवासाच्या दिशेला आडवी आहे की कडेने शिरते आहे, ती पहिल्यांदा आत येते आहे की एकदा केंद्राजवळून जाऊन बाहेर आली आहे, या सगळ्यांवर परिणाम बदलतो आणि यांतल्या निम्म्या गोष्टी एका दीर्घिकेसाठी आपण मोजूच शकत नाही. काळाचाही प्रश्न आहे. हार्वे बुचर आणि ऑगस्टस ओमलर यांनी १९७८ मध्येच दाखवले की काही अब्ज वर्षांपूर्वीच्या समूहांत निळ्या, म्हणजे तारे बनवणाऱ्या, दीर्घिका आजच्यापेक्षा अधिक होत्या. आजच्या समूहातील दीर्घिका ज्या काळी आत आल्या तेव्हा बाहेरच्याही सगळ्या दीर्घिका आजच्यापेक्षा जोराने तारे बनवत होत्या. म्हणून आज बाहेर असलेली दीर्घिका ही समूहातल्या दीर्घिकेची ‘आधीची अवस्था’ मानता येत नाही, आणि बहुतेक प्रकल्पांत नेमके तेच मानलेले असते.

आता तुमचा प्रकल्प. नुसते रंग घेऊन समूहातील आणि बाहेरील दीर्घिकांची तुलना केली तर फरक नक्की दिसेल. तो १९८० मध्येही दिसला होता: अ‍ॅलन ड्रेसलर यांनी ५५ समूहांतील सुमारे ६,००० दीर्घिकांवरून दाखवले की घनता वाढत जाते तसे सर्पिल दीर्घिकांचे प्रमाण घटत जाते. पण त्यातून तुमच्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही, कारण समूहात जड दीर्घिकाही अधिक असतात आणि तुम्ही परिसराच्या नावाखाली वस्तुमानच मोजत असाल. तेव्हा दीर्घिकांच्या ताऱ्यांचे वस्तुमान दिलेली तयार सूची घ्या, वस्तुमानाचे अरुंद टप्पे पाडा आणि प्रत्येक टप्प्याच्या आत तुलना करा. शक्य असेल तर घनतेऐवजी गटांची सूची वापरा, म्हणजे दीर्घिका आपल्या गटाच्या मध्यभागची आहे की उपग्रह, हे वेगळे करता येईल. परिसराचा खरा परिणाम उपग्रहांवर होतो, आणि दोन्ही एकत्र मिसळले की तो पुसट होतो.

रंगावर पूर्ण विसंबू नका. धुळीने भरलेली, कडेने दिसणारी सर्पिल दीर्घिका तांबडी दिसते आणि तरी तिच्यात भरपूर तारे बनत असतात. फार कडेने दिसणाऱ्या दीर्घिका वगळल्या तरी हा घोळ पुष्कळ कमी होतो. हायड्रोजन-अल्फा रेषा (नवताऱ्यांभोवती तापलेल्या हायड्रोजनचा तांबडा प्रकाश) गेल्या सुमारे १ कोटी वर्षांतली तारानिर्मिती सांगते, अतिनील प्रकाश सुमारे १० कोटी वर्षांतली, आणि दृश्य रंग त्याहून बराच मागचा काळ एकत्र करून. झपाट्याने विझलेली दीर्घिका या तिन्हींत वेगवेगळी दिसते, आणि म्हणून या तिन्हींची एकत्र तुलना हेच तुमच्या प्रकल्पातले सर्वांत मोलाचे साधन ठरू शकते.

पण हायड्रोजन-अल्फा वापरताना एक सापळा आहे आणि तो नेमका या विषयात घातक ठरतो. स्लोनच्या मूळ वर्णपटासाठी दीर्घिकेचा प्रकाश आणणारा काचतंतू आकाशावर ३ कंससेकंद (एक कंससेकंद म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) रुंदीचा आहे. कन्या समूहाच्या अंतरावर त्यात दीर्घिकेच्या मध्यातली जेमतेम आठशे प्रकाशवर्षे मावतात. दीर्घिका बाहेरून आत विझते असे वर सांगितले. म्हणजे तिची बाहेरची तबकडी पूर्ण मेलेली असली तरी तंतूतल्या प्रकाशात ती जिवंत दिसेल आणि तुम्ही परिसराचा परिणाम नाही असा निष्कर्ष काढाल. म्हणून फार जवळच्या दीर्घिका टाळा, सुमारे ०.०४ पेक्षा कमी ताम्रसृतीच्या (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश किती तांबडा झाला याचे माप; ते कमी तितकी दीर्घिका जवळ) सोडून द्या, आणि शक्य तिथे संपूर्ण दीर्घिकेचे अतिनील मापन वापरा. दुसरे म्हणजे, एका वेळी दोन तंतू ५५ कंससेकंदांपेक्षा जवळ बसत नाहीत. समूहाच्या गर्दीत त्यामुळे काही दीर्घिकांचे वर्णपट घेतलेच गेले नाहीत, आणि तुमच्या नमुन्यातून नेमका सर्वांत दाट भाग थोडा गळलेला असतो. तिसरे, हे सर्वेक्षण तेजस्वितेच्या मर्यादेवर आधारलेले आहे, आणि समान वस्तुमानाची विझलेली दीर्घिका चालतीपेक्षा मंद असते. लहान वस्तुमानाच्या टप्प्यात दूरच्या विझलेल्या दीर्घिका दिसेनाशा होतात. प्रत्येक टप्प्यासाठी कमाल अंतराची मर्यादा घालून घेतली नाही, तर परिसराचा परिणाम उगाच कमी-जास्त भासेल.

वायूची बाजूही पाहायची असेल तर अरेसिबो दुर्बिणीच्या अल्फाल्फा सर्वेक्षणात अणुरूप हायड्रोजनची मापने खुली आहेत. त्यात एखादी दीर्घिका नसली की तिच्यात वायू नाही असे लगेच लिहू नका. त्या अंतरावर दिसू शकणारे किमान वस्तुमान आधी काढा. आमच्या इंटरफेरोमीटरच्या (अनेक अँटेना जोडून केलेल्या दुर्बिणीच्या) नकाशांत याच्या उलट अडचण असते: खूप पसरलेला मंद वायू त्यांना दिसतच नाही, आणि शेपट्यांतला बराचसा वायू नेमका तसाच असतो. एकाच दीर्घिकेसाठी दोन्ही प्रकारची मापने मिळाली तर त्यांतली तफावत स्वतंत्रपणे नोंदवून ठेवा.

सुरुवात कुठून करावी असे विचाराल, तर सूर्याच्या ३०० कोटी ते ३,००० कोटी पट वस्तुमानाच्या उपग्रह दीर्घिका निवडा. त्याहून जड घेतल्या तर अंतर्गत कारणे वरचढ होतात, आणि त्याहून हलक्या घेतल्या तर सुरक्षित अंतरावर स्लोनमध्ये नमुना अपुरा पडतो. एवढ्यांसाठी विझलेल्यांचे प्रमाण गटाच्या वस्तुमानाप्रमाणे काढा, आणि तोच आलेख रंग, हायड्रोजन-अल्फा व अतिनील अशा तिन्ही मापनांनी वेगवेगळा करा. तीन आलेख जुळले नाहीत तर घाबरून त्यातला एक टाकून देऊ नका. आधी धूळ आणि तंतूची रुंदी तपासा, आणि तरीही फरक उरला तर दीर्घिका किती वेगाने विझल्या याची माहिती त्या फरकातच आहे.